मानद प्रसिद्धीप्रमुख

नोकरीत माझ्या हातून दुसरे काही झाले नसेल, पण प्रेसनोटा मात्र भरपूर झाल्या. एका सरकारी कचेरीच्या प्रसिद्धी विभागात मी तेहेतीस वर्षे काढली. निवृत्त झालो तरी हात स्वस्थ बसत नाही. उद्या नळाला पाणी येणार नाही, हेसुद्धा मी सौ.ला ‘कळविण्यात येते की’ अशा थाटात सांगतो. तेव्हा आमच्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचा प्रसिद्धीप्रमुख मीच होणार, हे विधिलिखितच होते. नेमणूक माझी मीच केली. संग्रहालयाला अजून कल्पना नाही.

याला कारण पाहुणे. नागपुरात पाहुणा आला की पहिल्या दिवशी दीक्षाभूमी होते, दुसऱ्या दिवशी फुटाळा होतो, आणि तिसऱ्या दिवशी यजमान विचारात पडतो. मी पाहुण्याला संग्रहालयात नेतो. प्रसिद्धीचा पहिला धडा मला या कामात एका ऑटोवाल्याने दिला. ‘‘मध्यवर्ती संग्रहालय,’’ मी स्वच्छ मराठीत सांगितले. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटेना. सिव्हिल लाइन्स झाले, दगडी मूर्ती झाल्या, पेंढा भरलेला वाघ झाला, तेव्हा तो म्हणाला, ‘‘अजब बंगल्यात जाऊन राहिले का साहेब? मंग तसं सांगा ना बाप्पा!’’

संग्रहालय निघाले १८६३ साली, सर रिचर्ड टेंपल मध्यप्रांताचे चीफ कमिशनर असताना. तेव्हापासून पाट्या किती लागल्या असतील! पण लोकांनी एकदा आत डोकावून जे नाव ठेवले ते ठेवले. दोन शब्दांत नाव, वर्णन आणि आमंत्रण. असा मथळा मला तेहेतीस वर्षांत एकदाही सुचला नाही.

आमचे पुण्याचे मेव्हणे आले तेव्हा मी त्यांना गुंगेरियाचा साठा दाखवला. बालाघाट जिल्ह्यातल्या या गावी १८७० साली गुरे राखणाऱ्या पोरांना मातीत तांबे दिसले. खणल्यावर ४२४ तांब्याच्या वस्तू निघाल्या आणि वर १०२ चांदीचे पत्रे. तांबेच ८२९ पौंड, म्हणजे जवळजवळ पावणेचार क्विंटल! काही वस्तू लंडनला गेल्या, काही आपल्याकडे राहिल्या. मी रंगात येऊन हे सांगितले आणि मेव्हण्यांनी विचारले, ‘‘पण हे होतं कोणाचं?’’

‘‘ते कसं सांगणार? इतिहासाच्याही आधीची गोष्ट आहे.’’

‘‘अस्सं,’’ असे म्हणून त्यांनी जांभई दिली. मालकाचे नाव नसले की प्रसिद्धीची अर्धी हवा जाते.

मग २०२५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे, साताऱ्याचा मुक्काम आटोपून, अजब बंगल्यात आली. इथे नाव होते, आणि केवढे! प्रसिद्धीप्रमुखाला कामच उरले नाही. तरी सवयीने मी प्रेसनोट लिहायला बसलो. ‘छत्रपती शिवाजी महाराजांची वाघनखे नागपुरात दाखल झाली’ एवढे झाले, आणि लेखणी अडली.

ही नखे लंडनला पोहोचली ती ग्रँट डफच्या घराण्यातून. हा साहेब साताऱ्याला रेसिडेंट होता. पेशव्याच्या कारभाऱ्याने ती त्याला दिली, असे नखांच्या पेटीवर लिहिले आहे. पण त्याच पेटीवर खानाला मोगल सरदार केले आहे! अफजलखान विजापूरचा, आदिलशाहीचा, हे आपल्याकडे चौथीतले पोरही सांगेल. शिवाय १६५९ साली प्रतापगडाखाली वापरलेली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असे खुद्द लंडनच्या संग्रहालयाचेच म्हणणे. नोकरीत मी अर्धवट पुलांना ‘पूर्ण झाला’ म्हटले आहे. इथे मात्र ‘महाराजांची’ हा शब्द तीनदा खोडला आणि तीनदा लिहिला.

तेवढ्यात आईने हट्ट धरला. वय एक्क्याण्णव. लहानपणी महालातून वडिलांचे बोट धरून ती अजब बंगल्यात आली होती आणि पेंढ्याचा वाघ बघून रडली होती. आता चाकाच्या खुर्चीत बसून, पाठीवर नवी शाल घेऊन ती नखांसमोर आली.

‘‘हीच का रे?’’

मागे रांग होती. माझ्या तोंडात ग्रँट डफ होता, पेटी होती, लंडनचा खुलासा होता. बाहेर पडले एवढेच: ‘‘असं म्हणतात, आई.’’

मागच्या दोघा-तिघांनी माझ्याकडे असे पाहिले की खानही घाबरला असता. आईने हात जोडले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

परतताना ऑटोत ती म्हणाली, ‘‘तुझ्या बाबांचं स्थळ आलं तेव्हा पगाराचं विचारलं, तर मामा असाच म्हणाला होता. दीडशे आहे, असं म्हणतात.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? नव्वद होता.’’

‘‘तरी लग्न केलंस?’’

‘‘पगाराशी केलं का मी?’’ आई म्हणाली आणि शाल सावरून बाहेर बघू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘पण तू ‘हो’ म्हणाला नाहीस, ते बरं केलंस. मामाचा मला अजून राग आहे.’’

ती प्रेसनोट अजून टेबलावर आहे. तिसऱ्यांदा खोडलेल्या शब्दावर कागद फाटला आहे आणि मागे सौ.ने दुधाचा हिशेब मांडला आहे. त्याच आठवड्यात पुण्याहून मेव्हण्यांचा फोन आला होता, ‘‘रांग किती आहे हो? येतो आम्ही.’’ मी म्हटले, या. पण आधी गुंगेरिया.