बांध पेटवण्याआधी हे वाचा



शाळू काढणीला आला. अजून आठ-पंधरा दिवसांत कडबा बांधून होईल आणि मग गावोगाव बांध पेटवायला सुरुवात होईल. त्याच्या आधी ही नोंद टाकायची असं दोन वर्षं मनात होतं. लिहायला जीव होत नव्हता. आज लिहितो.

माझं गाव माण तालुक्यात. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही मनात आलं तर. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा माळ आहे आणि त्याला लागून माझं सहा एकर रान. या माळावर आमचा पंधरा-वीस जणांचा गट झाडं लावतो. गटाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. निवृत्त झालेले एक गुरुजी, एसटीत कंडक्टर असलेले एक पाव्हणे, मेडिकलवाला पोरगा, बचत गटातल्या चार-पाच बाया आणि आम्ही काही शेतकरी. दर रविवारी सकाळी सात ते नऊ. नऊनंतर ज्याची त्याची कामं.

पहिल्या वर्षी आम्ही सगळे करतात तेच केलं. मिळतील ती रोपं आणली. त्यात गुलमोहर, काशीद, निलगिरी. खड्डे काढले, फोटो काढले. उन्हाळ्यात टँकरचं पाणी माणसालाच पुरेना, तिथं झाडाला कुठलं? पुढच्या जूनला हाताच्या बोटावर मोजण्याएवढी राहिली. तेव्हा गुरुजी म्हणाले, "या माळावर कुणी न लावता काय उगवतंय ते आधी बघू. तेच लावू."

मग आम्ही एक वर्ष नुसतं बघितलं आणि बी गोळा केलं. मंडळी, पन्नाशी आली तरी मला माझ्याच माळावरची निम्मी झाडं नीट माहीत नव्हती. दसऱ्याला सोनं म्हणून मी जे पान वाटायचो ते आपट्याचं नव्हतं, कांचनाचं होतं. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं. हे मला बचत गटातल्या एका काकींनी शिकवलं, त्या कधी शाळेत गेल्या नाहीत.

बियांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण हे बरेच जण विचारतात.

बाभूळ आणि हिवर: बी कठीण. उकळतं पाणी चुलीवरून उतरवून त्यात टाकायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी फुगलेलं बी लावायचं. त्याहून सोपं म्हणजे शेरडाच्या वाड्यातलं बी. शेरडं-मेंढरं शेंगा खातात, रवंथ करताना बी बाहेर टाकतात, काही लेंडीतून पडतं. ते बी आपोआप तयार झालेलं असतं.

बहावा: शेंग काळी पडून वाळली की फोडायची. बी पॉलिश पेपरवर थोडं घासायचं, मग पाण्यात भिजवायचं. न घासता लावलं तर दोन-दोन वर्षं मातीत पडून राहतं.

लिंब: निंबोळी पिवळी होऊन पडली की गर काढून लगेच लावायची. दोन-तीन आठवड्यांच्या पुढं उगवण फार कमी होते. जांभळाचंही तसंच.

पळस: एका शेंगेत एकच चपटं बी. ताजं लावायचं आणि शक्यतो जागेवरच लावायचं. त्याचं सोटमूळ झपाट्यानं खाली जातं, पिशवीत ते गोल फिरतं आणि मग रोप बसतं ते बसतंच.

बोर: आठोळी हलक्या हातानं फोडून आतलं बी काढलं तर लवकर उगवतं.

असं करून माळावर ३१० रोपं झाली. पहिले दोन उन्हाळे बायांनी खालच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे आणून पाणी घातलं. प्रत्येक रोपाला दगडाचं आळं आणि काट्याची झाळ. हे मुद्दाम सांगतोय. पुढं काय झालं ते कळावं म्हणून.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिना. शाळू निघाला होता. माझ्या वरच्या बांधावर कुसळी आणि कुंदा गुडघ्याएवढं वाळून उभं होतं. वडलांपासून बांध पेटवायचाच, त्यात विचार करायचं काही नसतं. सकाळी वारा नसताना पेटवायला पाहिजे एवढं तरी मला कळत होतं. पण सकाळी डाळिंबाच्या फवारणीत गेलो आणि दुपारी तीनला काडी ओढली. एकटा होतो. अर्धा बांध जळाला आणि वावटळ उठली. जळतं गवत उडून माळावर पडलं. मी लिंबाचा डहाळा घेऊन पळालो, पण वाळलेल्या कुसळीत आग माणसाच्या पायापेक्षा जोरात जाते. वीस-पंचवीस मिनिटांत गायरानाचा तो सगळा तुकडा काळा झाला. आळ्याचे दगड तेवढे दिसत होते.

मी घरी आलो, हातपाय धुतले आणि कुणाला काही बोललो नाही.

रविवारी सगळे माळावर जमले. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. त्या काकी प्रत्येक आळ्यापाशी वाकून बघत होत्या. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मेंढक्यांनीच जाळला असणार. पाऊस पडला की कोवळं गवत येतं म्हणून जाळत्यात." माळाच्या पलीकडं एका धनगर कुटुंबाचा वाडा आहे. ते कोकणात उतरत नाहीत, पन्नास-साठ मेंढरं आणि थोडी शेरडं घेऊन बारमाही इथंच असतात. दोन-चार जणांनी मान डोलावली. मीही तिथंच उभा होतो. मी मान डोलावली नाही, पण तोंडही उघडलं नाही. त्याच दिवशी दोघं जाऊन त्यांना सांगून आले की माळाच्या या अंगाला मेंढरं आणायची नाहीत.

मे महिन्यात मला रानात मेंढरं बसवायची होती. दरवर्षी ते माझ्याकडं चार-पाच रात्री बसतात, मी धान्य आणि वर काही पैसे देतो. लेंडीखताची सर दुसऱ्या कशाला नाही हे तुम्हाला सांगायला नको. त्या वर्षी ते आलेच नाहीत. म्हणून मी वाड्यावर गेलो. म्हातारबा खाटेवर बसले होते. पाणी दिलं, चहा ठेवायला लावला. मग म्हणाले, "तात्या, माळ आम्ही जाळला म्हणत्यात. तुमच्या रानात बसलो आन् उद्या तुमची कडब्याची गंजी पेटली, तर ती बी आमच्याच नावावर. नगं बाबा."

मी तो चहा कसा प्यालो माझं मला माहीत. त्यांना सांगितलं, "आबा, माळ मी जाळलाय. बांध पेटवला होता, तिकडनं गेला." म्हातारबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "मला सांगून काय व्हतंय? ज्यांनी आम्हाला आडवलं त्यांना सांगा."

पुढच्या रविवारी सांगितलं. माळावरच, सगळ्यांसमोर. लई चांगलं काही घडलं नाही, मंडळी. मेडिकलवाला पोरगा रागानं निघून गेला. काकी म्हणाल्या, "तात्या, दोन वर्षं डोक्यावरनं पाणी नेलंय आम्ही. तुमच्या बांधावरनंच जायचो की." याला काय उत्तर देणार? गुरुजी म्हणाले, "आधी वाड्यावर जाऊ." सगळे गेलो. ज्यांनी मेंढरं आडवली होती त्यांनीही माफी मागितली. आबांनी सगळ्यांना बसायला घोंगडी टाकली. पण त्या वर्षी मेंढरं माझ्या रानात बसली नाहीत ती नाहीतच. गटातले दोघं-तिघं महिना-दीड महिना माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. ते बरोबरच होतं.

आता शेतीची गोष्ट. जूनमध्ये दोन बरे पाऊस झाले आणि माळावर काळ्या बुडख्यातून फुटवे दिसायला लागले. आम्ही रोपं मेली म्हणून नवीन खड्डे काढायला गेलो होतो. काकींनी हाक मारली, "पळस फुटलाय!" मग खड्डे राहिले बाजूला. जुलैच्या शेवटी मी वही घेऊन एक-एक आळं मोजलं. ते असं:

पळस ४० होते, ३३ फुटले.
बोर ३०, फुटल्या २६.
आपटा ५०, फुटले ३१.
लिंब ६०, फुटले २२.
बहावा ५०, फुटले १४.
बाभूळ ८०, राहिल्या फक्त ३.

म्हणजे ३१० पैकी १२९. हे एका माळाचं आणि एका आगीचं आहे, त्यावरून कुणी नियम करू नये. पण पळस, बोर, आपटा ही झाडं वरून गेली तरी मुळातून उठतात. त्यांची मुळी पहिली दोन वर्षं वर काही न दाखवता खाली जात असते. आपल्याला वाटतं रोप वाढत नाही. बाभळीचं कोवळं रोप मात्र आगीला टिकत नाही. आणि जगलेल्या रोपांचीही दोन वर्षांची वाढ गेलीच. "फुटतंय की परत, मग पेटवायला काय हरकत?" असं कुणी म्हणू नका. १८१ रोपं गेली, ती माझ्या एका काडीनं.

तेव्हापासून मी बांध पेटवत नाही. त्याऐवजी जे करतो ते लिहितो.

गवत दिवाळीनंतर, कुसळ झडायच्या सुमाराला कापतो. चांगलं असेल ते वैरणीला, राहिलेलं डाळिंबाच्या खोडाभोवती आच्छादन म्हणून. उन्हाळ्यात पाणी दोन दिवस उशिरा दिलं तरी चालतं, माती हाताला गार लागते. कुंदा मात्र कापून जात नाही, त्याच्या काशा खणून काढाव्या लागतात. पेटवूनही तो जात नव्हता, आधी फक्त तसं वाटायचं.

वरच्या बांधावर बाभूळ, लिंब, बोर लावलेत, पंधरा-वीस फुटांवर एक. वडील होते तेव्हा या बांधावर बाभळी होत्या. औताचं लाकूड त्यांचंच. पुढं जेसीबीनं बांध बारीक केला तेव्हा मीच त्या काढल्या. त्यानंतर हरभऱ्यात घाटेअळीसाठी कृषी सहायक साहेबांनी पक्षीथांबे लावायला सांगितले, म्हणून काठ्या रोवत बसलो. कोतवाल पक्षी ज्या झाडावर बसून अळ्या टिपायचा ते झाड तोडून मी काठी लावली, बघा! आता लिंबं मोठी झाली की निंबोळीही घरची होईल. पाच किलो निंबोळी पावडर आणि शंभर लिटर पाणी, पाच टक्के अर्क. विकत आणायचं काही कारण नाही.

तोटाही सांगतो. झाडाच्या बुडाची दोन-चार तास ज्वारी बारीक राहते. ती राहणारच. म्हणून झाडं शक्यतो बांधाच्या अशा अंगाला लावा की सावली जास्त वेळ आपल्याच पडीक कडेला पडेल, आणि दरवर्षी खालच्या फांद्या छाटा. शेजाऱ्याच्या बांधावर विचारल्याशिवाय लावू नका. झाडावरून भाऊबंदकी व्हायला वेळ लागत नाही.

आणि माळाभोवती दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही दहा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून, खरवडून मोकळा करतो. जाळपट्टा. माझ्या रानाकडची बाजू मी एकटा करतो. कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात आबांची मेंढरं माझ्या रानात चार रात्री बसली. जाताना त्यांनी एक बारदान दिलं, वाड्यातलं बाभळीचं बी, झाडून निवडून ठेवलेलं. "ऐंशी गेल्या म्हणं तुमच्या. लावा परत." ते बी आम्ही जूनमध्ये टोकलं. परवा रविवारी बघितलं तर बरीच वीतभर आहेत. मेडिकलवाल्या पोरानं माझ्याच आळ्यात वाकून काट्याची झाळ नीट केली.

तेव्हा एवढंच मागणं आहे. यंदा बांध पेटवायचा विचार असेल तर एक वर्ष थांबून बघा. कापून आच्छादन करा. अगदी पेटवायचाच असेल तर एकट्यानं, दुपारी आणि वाऱ्यात तरी पेटवू नका, आणि वर माळ असेल तर मुळीच नको. तुमच्या माळावर न लावता कोणती झाडं येतात, आणि जळाल्यावर कोणती परत फुटली, हे ज्यांनी बघितलंय त्यांनी जरूर कळवा. वहीत लिहून ठेवीन.

राम राम.