डोक आणि डोकं

आमच्या घरात तीन भाषांची भेसळ आहे. माझं माहेर चिकोडीकडचं, म्हणून लहानपण सगळं कन्नडमध्ये गेलं. सासर बेळगावात, इथं मराठी. थोरल्या लेकीला सुरतेला दिली आणि गुजरातीही उंबरठा ओलांडून आत आली. चार भाषा कानावरून गेलेलं माणूस कुठं अडत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. २००९ च्या पावसाळ्यात सुरतेतच एका रात्री मी चांगली अडले. ती गोष्ट आज सांगते, कारण त्यात चूक माझी होती, आणि तशी चूक आपल्या पुष्कळ घरांत रोज होत असते.

लेक उधन्यात राहते. उधना, लिंबायत या भागांत मराठी माणसं भरपूर. बहुतेक खानदेशातून पोटासाठी आलेली, यंत्रमागावर नाहीतर कापडाच्या मिलमध्ये कामाला. आमचे जावईही मिलमध्येच. मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला उलट्या सुरू झाल्या. कन्नडमध्येही वांती, आपल्याकडेही वांती. घाबरायला भाषा लागत नाही. पोटात पाणी ठरेना.

माझ्या पिशवीत गोळ्यांची एक पट्टी होती. मला अर्धशिशीचा त्रास. डोकं ठणकायला लागलं की मळमळतं, म्हणून आमच्या डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या होत्या. दहातल्या सहा शिल्लक होत्या. मला गुण येतो तर पोरीला का येणार नाही, असा साधा हिशेब केला. एक गोळी सकाळी दिली, एक दुपारी.

संध्याकाळी जावई तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेले, मीही सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, काही औषध दिलंय का? मी गप्प बसले. आपल्या मनानं गोळ्या दिल्या म्हटलं तर चारचौघांत रागावतील, अशी लाज वाटली. त्यांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं. उलट्या थांबल्या. मी मनात देवाला हात जोडले.

रात्री दहाच्या सुमाराला लेकीनं हाक मारली, "अव्वा, मान सरळ होईना गं." बघते तर मान एका बाजूला ओढली गेलेली, डोळे वर चढलेले, जबडा आवळलेला. शब्द जड येत होते. माझ्या तोंडून एकदम "अय्यो देवरे!" निघालं. शेजारपाजार गोळा झाला. कुणी म्हणालं फिट आली, कांदा हुंगवा. कुणी म्हणालं धनुर्वात. एक आजी हळूच म्हणाल्या, हे बाहेरचं दिसतंय, लिंबू उतरवा. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही ते पटलं. जावयांनी मात्र कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी रिक्षा आणली. शेजारच्या गुजराती बेन आमच्याबरोबर बसल्या.

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी मला विचारलं, "डोक क्यारथी वांकी थई गई छे?"

मी ऐकलं 'डोकं'. पोरीचं डोकं फिरलंय का असं विचारतात, असंच मला वाटलं. मी तडकून म्हटलं, "डोकं अगदी ठीक आहे हो तिचं! सगळं कळतंय तिला, मला हाक मारतेय, नाव विचारा, सांगेल!"

बेननी खुलासा केला तो नंतर. गुजरातीत डोक म्हणजे मान! पण माझ्या त्या चुकीच्या उत्तरानं एक काम झालं. सबंध अंगाला फिट येते तेव्हा माणसाची शुद्ध हरपते. इथं मान आणि डोळे ओढलेले, पण शुद्ध साफ. डॉक्टरांनी लगेच हिंदीत विचारलं, "उल्टी की कोई दवा ली है?" या वेळी मी लाज बाजूला ठेवली आणि पिशवीतली पट्टी काढून त्यांच्या हातात दिली.

पट्टीवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात मेटोक्लोप्रमाइड. संध्याकाळच्या चिठ्ठीवर इंजेक्शनचं नाव वेगळंच दिसत होतं, पण आतलं औषध तेच. म्हणजे दिवसभरात पोरीच्या अंगात एकच औषध तीनदा गेलं होतं, आणि इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या दोन वेळांचा पत्ता नव्हता. त्यांनी विचारलं होतं. सांगितलं नव्हतं ते मी. त्या रात्री डोक वाकडी झाली होती लेकीची, पण डोकं ठिकाणावर नव्हतं ते माझं.

प्रोमेथझिनचं इंजेक्शन दिल्यावर वीसेक मिनिटांत मान सैल पडली, डोळे खाली आले. लेकीनं पाणी मागितलं. मी बाकावर बसून रडून घेतलं.

सकाळी त्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. उलटीचा निरोप पोचवण्यात त्याचा हात असतो, आणि स्नायूंच्या हालचाली आवरण्यातही. मेटोक्लोप्रमाइड डोपामिनचं काम अडवतं, म्हणून उलटी थांबते. पण काहींच्या बाबतीत स्नायूंचा ताबाही सुटतो. मान, जबडा, जीभ, डोळे ओढले जातात. हे जास्त करून मुलांना आणि तिशीच्या आतल्यांना होतं, बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत. नेमक्या प्रमाणातही होऊ शकतं, प्रमाण वाढलं की धोका वाढतो. वेळेवर उपाय झाला तर ते लवकर उतरतं. भूतबाधा समजून रात्र घालवली तर हाल त्या जिवाचे.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत आले. हे औषध वाईट नाही, जपून वापरायचं आहे. झोप येते, म्हणून घेतल्यावर गाडी चालवू नये. काहींना विनाकारण अस्वस्थ वाटतं, एका जागी बसवत नाही; तेही डॉक्टरांना सांगावं. महिनोन् महिने घेतलं तर, विशेषतः वयस्क बायकांमध्ये, तोंडाच्या आणि जिभेच्या आपोआप हालचाली सुरू होतात आणि त्या कधी कधी कायमच्या राहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ साली याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. युरोपच्या औषध संस्थेनं २०१३ मध्ये सांगितलं की मोठ्या माणसाला एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसात जास्तीत जास्त तीनदा, आणि पाच दिवसांवर नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मुळीच नाही. कंपवाताच्या रोग्याला हे देत नाहीत. मूत्रपिंड अधू असेल, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगायला हवं.

मग दुसरी गोळी घ्यावी का? डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे मान ओढण्याचा प्रकार क्वचित. पण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. ऑन्डॅनसेट्रॉननं डोकं दुखतं, शौचाला खडा होतो, आणि हृदयाच्या लयीची काळजी तिथंही आहेच. गरोदर बाईनं तर कुणाचीच गोळी उसनी घेऊ नये. म्हणून ही सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीची. शेजारणीच्या डब्यातली नव्हेत, आणि आईच्या पिशवीतली तर नव्हेतच!

उलट्यांत जीव दमतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबावं, मग ओआरएसचं पाणी चमचा-चमचा द्यावं. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ते कालवावं. उलटीत रक्त किंवा हिरवं पित्त दिसलं, लघवी बंद झाली, पोटात असह्य दुखलं, माणूस गुंगू लागलं, तर घरात वेळ घालवू नये.

आता माझ्या पिशवीत एक छोटी वही असते. घरातल्या प्रत्येकाच्या औषधाचं आतलं नाव, बारीक अक्षरातलं, मी तीत उतरवून ठेवते. लेकीच्या नावापुढे लाल शाईनं लिहिलंय, मेटोक्लोप्रमाइड चालत नाही. कुठल्याही दवाखान्यात गेलं की आधी वही पुढे करायची, मग आजार सांगायचा. डॉक्टर रागावले तर रागावू देत.