थांबण्याची विद्या

यॉर्कशायरच्या डोंगरांखालच्या गुहांत बारा महिने आठ-नऊ अंश तापमान असतं. वर ऊन असो की बर्फ, आतल्या खडकाला त्याचा पत्ताच नसतो. नवशिक्यांना आठ अंश म्हणजे किरकोळ वाटतात, कारण सरपटताना, दोरावर चढताना घाम फुटतो. पण कुणाचा पाय मोडला आणि सगळे थांबले, की भिजलेले कपडे अंगातली ऊब शोषू लागतात. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं उष्णता ओढून नेतं. आत मोबाइल चालत नाही. कुणीतरी बाहेर पोचेल, मग निरोप जाईल, मग पथक आत शिरेल. क्लॅपम गावचं बचाव पथक १९३५ पासून हे काम करतंय, तरी त्यांना यायला तास लागतातच.

म्हणून मी मुलांना आधी थांबायला शिकवतो. जखमी माणसाला खडकावर टेकू द्यायचं नाही, खाली दोराची पिशवी सारायची. कानटोपी, कोरडा थर, डोक्यावरून चंदेरी बचाव-चादर. पायांमध्ये एक मेणबत्ती, चादर ज्योतीपासून लांब, खाली हवेला फट. एवढ्याशा ज्योतीनं आतली हवा खरोखर ऊबदार होते.

आणि त्याच्या बोटांकडे बघत राहायचं. कॅराबिनरचा, म्हणजे दोराच्या कडीचा, स्क्रू फिरवता येईना, तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, की गारठा आत शिरलाय. माणूस कुडकुडतोय तोवर शरीर लढत असतं. कुडकुडणं थांबलं आणि तो ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला, की माझ्या पोटात गोळा येतो. मग त्याला चालवायचं नाही, हातपाय चोळायचे नाहीत. आडवं ठेवून अलगद हाताळायचं. एका हिसक्यानंही हृदयाची लय बिघडू शकते.

जून २०१४ मध्ये बव्हेरियातल्या रीझेंडिंग गुहेत, सुमारे हजार मीटर खोल, योहान वेस्टहाउझरच्या डोक्यावर दगड पडला. पाच देशांच्या सातशेहून अधिक लोकांनी त्याला ११ दिवसांनी जिवंत बाहेर आणलं. त्या सातशेंचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. मला मात्र योहानचा एक सोबती आठवतो. दुसरा सोबती कित्येक तास चढून मदत मागायला गेला, तेव्हा हा जखमी योहानजवळ थांबला होता.

जवळ बसणाराही गारठतो. त्याच्याही खाली पिशवी हवी, आणि माणसं असतील तर पाळी बदलायला हवी.