मजुरी मांडलीत का, ताई?

माजिवड्याच्या नाक्यावरून नाशिकचा महामार्ग सुटतो, तो भिवंडी मागे टाकून शहापुराकडे जातो. मी माजिवड्यात राहते. काम मात्र शहापूर-मुरबाडच्या गावांत, बचत गटांतल्या बायकांना धंद्याचा हिशेब शिकवण्याचं. दिवाळीच्या तोंडावर त्यांचे स्टॉल ठाण्यात लागतात. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं आणि ताई देऊन टाकते. कारण भावात तिने स्वतःची मजुरी धरलेलीच नसते.

प्रशिक्षणात मी आधी खर्च मांडायला लावते. नाचणी, पापडखार, मीठ, तेल, पिशव्या, एसटीचं भाडं, सगळं भराभर फळ्यावर येतं. मग विचारते, लाटायला किती जणी होत्या?

“चौघी. सकाळपासून दुपारपर्यंत.”

“त्यांचे किती धरले?”

“घरचंच काम ना मॅडम, त्याचे कसले पैसे?”

त्याच बाईला भातलावणीची मजुरी विचारली तर आकडा तोंडावर असतो. तो फळ्यावर चढला की पापडाचा भाव बदलतो, आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा तिचा सूरही.

नाबार्डने 1992 मध्ये गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. पुढे महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम या कामात उतरलं, 2011 पासून ‘उमेद’ हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान. आज गटाला कर्ज मिळणं पूर्वीइतकं अवघड नाही. हप्ते वेळेवर गेले की गट चांगला, असं सरसकट मानतात. मला ते पटत नाही. हप्ता दुसऱ्याच्या शेतावर राबूनही फिटतो. धंद्याने फिटला का, हे वहीत दिसतं. म्हणून वही कुणाच्या हातात आहे, हे मी आधी बघते. बऱ्याचदा ती सचिव ताईंच्या घरच्या पुरुषाकडे असते.

लिहिता येत नाही म्हणून हिशेब जमत नाही, हे तर मी ऐकूनच घेत नाही. साताऱ्यातल्या म्हसवडच्या बायकांना, त्या निरक्षर आहेत म्हणून, रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना नाकारला होता. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हांबरोबर त्या पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब सांगा, तोंडी करून दाखवतो. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

गटात हिशेब मागायची सवय लागलेली बाई ग्रामपंचायतीतही तो मागते. आणि मागावाच लागतो. शहापूर तालुक्यात तानसा, भातसा ही धरणं. त्यांचं पाणी मुंबई-ठाण्याला येतं, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघतात. पापड-कुरडया वाळवायचे दिवसही नेमके तेच. हंड्यापायी सकाळ गेली की लाटायला बसणार कधी? पाणी हा धंद्याचाच प्रश्न आहे.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती नुसती सह्यांवर उरकतात. टँकर कोणत्या पाड्यावर किती वाजता येणार, हे फेब्रुवारीतच तिथे विचारा, ठरावात लिहून घ्या आणि ठराव मोठ्याने वाचून झाल्याशिवाय सही करू नका, असं मी प्रत्येक गटाला सांगते.