काल्हेरची होळी : गोदामाच्या फाटकापलीकडे

होळीच्या निमित्ताने आमचे कुटुंब पुष्कळ हिंडले आहे. गोव्याच्या शिगमोत्सवात घोडेमोडणी पाहिली. रत्नागिरीकडे ग्रामदेवतेची पालखी देऊळ सोडून घरोघरी येते, तेव्हा रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे राहिलो. नाशिकला रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात. दगडी हौदांत उड्या घेणारी माणसे गच्चीवरून पाहिली. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथे पहाटे पेटणारी राजवाडी होळी पाहण्यासाठी रात्रभर जागलो. या सर्व ठिकाणी आम्ही पाहुणेही नव्हतो; प्रेक्षक होतो. आणि ज्या गावाच्या जमिनीवर आमचा व्यापार बावीस वर्षे उभा आहे, त्या काल्हेरची होळी मात्र एकदाही पाहिली नव्हती.

काल्हेर आपल्या अनेक वाचकांना ठाऊक असेल, पण बहुधा पत्त्यापुरतेच. ठाण्याहून बाळकुममार्गे खाडीवरचा कशेळीचा पूल ओलांडला की कशेळी आणि लगेच काल्हेर. पुढे पूर्णा, अंजूर फाटा आणि भिवंडी. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईच्या उंबरठ्यावर, म्हणून या पट्ट्यात गोदामे वाढली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, गोदामे राहिली. आता त्यांच्यासमोर मेट्रोचे खांब उभे आहेत. त्यापूर्वी येथे भातशेती होती. मिठागरे आणि खाडीतील मासेमारी ही या पट्टीतील आगरी-कोळी समाजाची जुनी उपजीविका.

आमच्या गोदामाची जमीन ज्यांची, त्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो. दरवर्षी ते होळीचे आमंत्रण देत आणि दरवर्षी मी मार्चअखेरीची सबब सांगत असे. गावातली मुले पोस्त मागायला येत, त्यांना पैसे दिले जात. खर्चाच्या वहीत तशी नोंद असे. शिवाय मोडक्या लाकडी पॅलेट्स होळीसाठी नेण्याची त्यांना मुभा होती. संबंध राखला गेला, असे मला वाटे.

गेल्या फाल्गुनात आई गोदामात आली असताना मुले लाकडासाठी आली. तिने सगळे पाहिले. घरी परतताना ती एवढेच म्हणाली, "आपण होळी पेटवत नाही, जीवहिंसा होते म्हणून. मग आपलं लाकूड कसं जळतं?" करणे, करवणे आणि अनुमोदन देणे, हे तिन्ही आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी दादांकडे गेलो. बावीस वर्षांत त्यांच्या ओटीवर मी प्रथमच बसलो होतो. लाकूड यापुढे देता येणार नाही, हे सांगताना मला संकोच वाटला. ते दुखावतील अशी भीती होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "लाकडाचं आम्ही बघू, शेठ. तुमचं लाकूड बावीस वर्षं आलं, आता तुम्ही या. आईंनाही आणा."

आईपुढे पुन्हा प्रश्न उभा राहिला. अग्नी पाहायला जाणे हेही अनुमोदनच नव्हे का? रात्रभर विचार करून तिने ठरवले: माणसांकडे जायचे, अग्नीजवळ नाही.

पौर्णिमेला दुपारी चार वाजता पोहोचलो. आईचा चोविहार असतो हे कळल्यावर दादांच्या घरच्यांनी सूर्यास्तापूर्वीच पाने मांडली होती. पुरणपोळी, कटाची आमटी, भात; कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही. आईने कौतुक करताच दादांच्या वृद्ध मातोश्री हसून म्हणाल्या, "पुनवेला आमच्याकडंबी गोडच. तिखट उद्या." आमच्यासाठी वेगळे फारसे काही करावेच लागले नव्हते. केवळ वेळ बदलली होती.

संध्याकाळी गावातील स्त्रिया नऊवारी नेसून, दागिने घालून, पूजेची ताटे घेऊन निघाल्या. मध्यभागी फुलांच्या माळांनी आणि पताकांनी सजवलेले झाड उभे होते. होळीला येथे हावलूबाय म्हणून हाक मारतात, जणू ती कुणा घरची लेक आहे. नव्याने लग्न झालेली जोडपी फेरे घेत होती. म्हाताऱ्या बायका आगरी बोलीत गाणी म्हणत होत्या आणि हातात मोबाईल असलेल्या नाती ती गाणी त्यांच्यामागून म्हणत होत्या. त्या जागेच्या तिन्ही बाजूंना गोदामांच्या भिंती होत्या. पूर्वी येथून थेट खाडीपर्यंत भाताची खाचरे दिसत, असे दादांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तरी मी आमच्या पत्र्याच्या छपराकडे पाहून मान खाली घातली.

होळी पेटली तेव्हा आई दूर, एका ओटीवर बसून राहिली. तिने नमस्कार केला नाही. कोणी कर म्हटलेही नाही. दादांच्या मातोश्री पूजा आटोपून तिच्याशेजारी येऊन बसल्या. दोघींचे बोलणे सुना, गुडघे आणि पाण्याच्या टँकरवर बराच वेळ चालले. गोवा, रत्नागिरी, नाशिक कुठेही आमच्याजवळ असे कोणी येऊन बसले नव्हते, कारण आम्ही कोणाचे नव्हतो.

निघताना भाजलेल्या नारळाचा प्रसाद मिळाला. रात्र झाली होती, म्हणून आईने तो पदरात बांधला. सकाळी नवकारशी झाल्यावर तिने त्याचे तुकडे करून सर्वांच्या हातावर ठेवले.

यंदा वहीत लाकडाची नोंद नाही; पोस्त आहे, आणि होळीच्या रात्री गावाला पिण्याचे पाणी व ताक आमच्याकडून आहे. ज्यांची गोदामे कुठल्याही गावाच्या जमिनीवर आहेत, अशा बंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते: दूरच्या उत्सवांची तिकिटे अवश्य काढावीत, पण आधी आपल्या फाटकापलीकडचे आमंत्रण स्वीकारावे. आपला नियम मोडावा लागत नाही. तो समोर बसून सांगावा मात्र लागतो.