फ्लॉरेन्स ते रोम : दोन वाटा

फ्लॉरेन्सच्या हॉटेलात आम्ही नकाशा पसरला. रोमला मोटारीने जायचे होते. मी हिशेब मांडला : १९६४ साली पुरा झालेला मिलान-नेपल्स हमरस्ता धरला, की पावणेतीनशे किलोमीटर, तीन तास!

सौ.ने मात्र बोट ठेवले कियान्तीच्या डोंगरवाटेवर. ग्रेव्हे, सिएना, मग ऑर्चा नदीचे खोरे.

"अहो, तुमच्या रस्त्यानं पुढच्या गाडीची पाठच दिसेल."

"पण दिवस मोडेल!"

"मोडू दे. दिसतंय तोवर बघून घेते."

तिला काचबिंदू आहे. मी मुकाट्याने पेन्सिल उचलली. सिएना सत्तर किलोमीटर, पण वळणांमुळे दोन तास धरावेत. तिथल्या जुन्या वस्तीत परक्या गाड्यांना मज्जाव. गाडी वेशीबाहेर ठेवावी. मुक्काम पिएन्झाला. पोप दुसऱ्या पायसने पंधराव्या शतकात नव्याने उभारलेले हे त्याचे जन्मगाव.

संध्याकाळी पिएन्झाच्या तटावर उभे राहिलो. खाली कापणी झालेली पिवळी शेते, पलीकडे आमियाताचा डोंगर. सौ. बराच वेळ एका टेकडीवरची सरूची रांग न्याहाळत होती.

"अहो, मोजा पाहू. सतराच ना?"

मी मोजली. सतराच होती.