दोन जिवांचे ताट

गरोदर स्त्रीला आपल्या बोलीत 'दोन जिवांची' म्हणतात. इतका सुंदर शब्द ज्या समाजाने घडवला, त्याच समाजात सर्वांचे जेवण झाल्यावर उरेल तेवढेच तिच्या ताटात पडावे, ही विसंगती आम्हा माणदेशी माणसांनी फार जवळून पाहिली आहे. आमचे म्हसवड माणगंगेच्या काठी वसलेले. परंतु नदीचे पात्र वर्षातील बहुतेक दिवस वाळूचेच. घरातील पुरुष मेंढरांमागे गेलेला असतो किंवा पोटासाठी मुंबईला. मागे राहिलेले शेत, गुरे, पाणी आणि चूल हे सारे बाईच्या डोईवर. तिला दिवस गेले म्हणून हंड्याचे वजन कमी होत नाही. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायांत पोटुशा बायाही होत्या, असे आमच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सांगत. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, म्हणून सातव्या महिन्यापासून भाकरी कमी कर, असा सल्लाही मायेनेच दिला जाई. पहाटे धार काढायची ती बाईनेच. दूध मात्र कॅनमधून डेअरीला जाई आणि धार काढणारी कोरा चहा पिऊन शेताची वाट धरी.

हे सारे आम्ही नशिबाच्या खाती मांडत आलो. परंतु पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचे मोजमाप केले. १९९३ साली, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या सहकार्याने, त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास आरंभला. तीही शेतकऱ्यांचीच गावे. गरोदरपणाच्या अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात त्या मातांनी काय खाल्ले, किती कष्ट केले, हे बारकाईने टिपले गेले. गरोदरपणापूर्वी या स्त्रियांचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. विशेष म्हणजे आपली बाळे हडकुळी दिसत असली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी अधिक आढळली. जन्मतः कमी वजनाच्या माणसांत पुढे हृदयरोगाने मृत्यूचे प्रमाण अधिक असते, हे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये इंग्लंडमधील जुन्या नोंदींवरून दाखवले होते. म्हणजे उतारवयातील दुखण्याचे बी आईच्या पोटातच पडू शकते.

या अभ्यासातील दोन निष्कर्ष आम्हांला फार मोलाचे वाटतात. पहिला असा की, आई एकूण किती खाते यापेक्षा दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे तिच्या ताटात येतात काय, याचा बाळाच्या वाढीशी अधिक संबंध दिसला. आणि पालेभाज्यांचा हा संबंध ४० किलोंहून कमी वजनाच्या मातांत सर्वांत ठळक होता. दुसरा असा की, ज्या मातांना शेतातले आणि घरातले कष्ट अधिक, त्यांची बाळे लहान. ताटात काय वाढले यासोबत डोईवर किती चढवले, हेही बाळाच्या अंगावर उमटते.

मग चांगले खाऊ घातले की काम झाले काय? इतके ते सोपे नाही. २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत स्त्रियांना गरोदर राहण्यापूर्वीपासूनच पालेभाज्या, दूध आणि फळे घातलेला खाऊ रोज देऊन पाहण्यात आला. सर्व मातांचा एकत्र विचार करता बाळांच्या वजनात ठाम फरक दिसला नाही. ज्यांनी किमान तीन महिने आधी आरंभ केला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने भरली. मात्र अगदी कृश मातांना तो लाभही झाला नाही. गरोदरपणातील मधुमेह मात्र पुष्कळ कमी झाला. यावरून आम्ही एवढेच समजतो, की सातव्या महिन्यात आणलेली फळे लहानपणापासूनची उपासमार भरून काढू शकत नाहीत. मुलीचे ताट ती दोन जिवांची होण्याच्या कितीतरी आधी भरले पाहिजे. पुण्याच्या संशोधकांनीही पुढे, २०१२ पासून, त्या सहा खेड्यांतील वयात आलेल्या मुलामुलींनाच ब-१२ जीवनसत्त्व देऊन पाहिले. कारण त्यांच्या मातांत त्याची मोठी कमतरता आढळली होती. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासळी यांतून मिळते. डेअरीला जाणाऱ्या त्या कॅनची किंमत आता कुठे आम्हांला उमगते.

२०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली, आणि मुकी जनावरे जगली याचा आम्हांला आनंदच आहे. छावणीत जनावराला रोज किती किलो चारा द्यायचा, याचे माप ठरलेले असते. त्या जनावरांना पाणी दाखवणाऱ्या गरोदर सुनेच्या ताटाचे माप कोणी ठरवायचे?

संत लूक आपल्याला सांगतो, की अलीशिबेला सहावा महिना लागल्याचे कळताच पवित्र मरिया लगबगीने डोंगराळ प्रदेशात तिच्या घरी गेली आणि सुमारे तीन महिने तिथे राहिली. संशोधकांनी मोजलेला अठ्ठाविसावा आठवडा म्हणजे सातवा महिना. मरिया त्या घरी होती तो हाच काळ. तिने तिथे कोणती कामे केली, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. पण उतारवयात गरोदर राहिलेल्या नातलग स्त्रीच्या घरी तीन महिने राहून ती घागर उचलल्यावाचून राहिली असेल, असे आम्हांला वाटत नाही. ती स्वतःही तेव्हा दोन जिवांची होती.

या भेटीचा सण ख्रिस्तसभा ३१ मे रोजी पाळते. माणदेशात तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि पाण्याची पायपीट सर्वांत लांबलेली असते. आपण त्या दिवशी मिस्साला जातो, मरियेचे स्तोत्र गातो. त्याबरोबरच धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने शेजारच्या एका गरोदर बहिणीचा हंडा तीन महिने आपल्या डोईवर घ्यावा, घरच्या दुधातला एक पेला तिच्यासाठी बाजूला काढावा, आणि आपल्या लेकीला लेकाच्या पंगतीला बसवून त्याच्याइतकेच वाढावे. धर्म कोणता, जात कोणती, हे विचारू नये. मरियेने वाट धरली ती निरोपाची वाट न पाहता.